मोठे लाल बटण

गमतीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत गेल्या काही वर्षांत एक विलक्षण वस्तू दिसू लागली आहे. तळहाताएवढे, घुमटाकार, लालभडक बटण. खाली जाडसर बैठक आणि तिच्यातून निघालेली एक वायर. ही वायर संगणकाला जोडायची आणि बटण टेबलावर ठेवून द्यायचे. संगणक अडला, नेहमीच्या बोलीत सांगायचे तर 'हँग' झाला, की त्याच्यावर हाताची थाप मारायची, म्हणजे संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावा, अशी त्यामागची कल्पना. राग काढण्याची सोय आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच थापेत साधणारी ही वस्तू पाहून हसू येते. तथापि हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. यंत्र थांबवणारे बटण मोठे असावे, असा जगभरच्या कारखान्यांचा रिवाज आहे. मग यंत्र पुन्हा सुरू करणारे बटण मात्र यंत्रे बनवणाऱ्यांनी लहान, अवघड आणि काहीसे लपलेले का ठेवले असावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला संगणकापाशीच जावे लागते असे नाही. २०२३ साली छिंदवाड्यापासून निराळा होऊन पांढुर्णा हा मध्यप्रदेशातला स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन्ही तालुक्यांत संत्र्याचे बगीचे आहेत आणि बगीच्यांचे ओलीत विहिरींवर चालते. विहिरीवर मोटर आली की मोटरघरात स्टार्टरची पेटी आलीच. त्या पेटीवर एक हिरवे बटण असते व एक लाल. हिरवे दाबले की मोटर चालू होते, लाल दाबले की बंद पडते, इतके घरातल्या पोरालाही ठाऊक असते. हिरव्या बटणावरचे बोट उचलले तरी मोटर चालूच राहते, ह्याचे मात्र कोणाला फारसे नवल वाटत नाही. वस्तुतः ते वाटायला हवे. बटण दाबताच पेटीतल्या वेटोळ्यातून वीज वाहते, त्याचे चुंबक बनते आणि ते चुंबक विजेचे संपर्क ओढून धरते. ह्या ओढीतच आणखी एक लहानसा संपर्क जुळतो आणि तो त्या वेटोळ्याला वीज पुरवीत राहतो. म्हणजे चुंबक स्वतःच स्वतःला धरून ठेवते. वीज क्षणभर गेली की चुंबकाचे बळ संपते, संपर्क सुटतात, आणि वीज परत आली तरी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. माणसाने येऊन हिरवे बटण दाबावे लागते. ही पेटीतली उणीव नव्हे. ज्याने ही रचना केली, त्याने ती जाणूनबुजून केली आहे.

लाल बटणाकडे बंद करण्याखेरीज दुसरेही एक काम असते. तीन फेजांपैकी एक गेला, किंवा पंपात गाळ अडकून मोटरीवर भार वाढला, तर तारांतून वाहणारा प्रवाह वाढतो आणि तारा तापतात. पेटीत दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून बसवलेल्या असतात. तापल्यावर एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि वाकता वाकता वीज तोडते. मोटर 'ट्रिप' झाली असे शेतकरी म्हणतो ते ह्यालाच. पट्टी निवाली, लाल बटण दाबून तिला पूर्वस्थितीला आणले, की मग हिरवे दाबता येते. नुसते पूर्वस्थितीला आणणे, एवढेच ह्या दाबण्याचे काम. गेलेला फेज त्याने परत येत नाही, गाळ निघत नाही. जो शेतकरी फेजचे दिवे न पाहता लाल-हिरवे, लाल-हिरवे असे पाच-सहा वेळा करतो, त्याची मोटर अखेर वेष्टन जळून रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाते. आणि आंबिया बहाराची फळे बोराएवढी झाली असताना, चैत्राच्या उन्हात, आठ-दहा दिवस ओलीत बंद राहणे म्हणजे काय, हे फळगळ पाहिलेल्याला सांगायला नको.

शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या ठरावीक तासांत येते. थंडीत मध्यरात्री उठून केवळ एक बटण दाबण्यासाठी शेतावर जाणे कोणाला आवडेल? म्हणून वीज आली की आपोआप हिरवे बटण दाबल्यासारखे करणारी 'ऑटो'ची जोडणी लोक करून घेतात. झोप वाचते, ही सोय खरी. परंतु रचनाकाराने माणसाच्या हाताला जी जागा राखून ठेवली होती, ती ह्या जोडणीने पुसून टाकली. कोणी विहिरीत उतरून पंपाची जाळी साफ करीत असेल, कोणी तार जोडीत असेल, आणि वीज आली तर मोटर विचारणार नाही की खाली कोण आहे. मुख्य स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात घालून मगच मोटरीला हात लावावा, असे जाणते वायरमन सांगतात ते ह्यासाठी.

थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे ह्यांतला हा भेद कारखान्यांनी फार लवकर ओळखला. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील २४ व्या कलमाप्रमाणे, चालू यंत्रांची शक्ती आणीबाणीच्या वेळी तोडता येईल अशी साधने प्रत्येक कामाच्या खोलीत असावी लागत. सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या कापडाच्या यंत्रापाशी असो किंवा सरकी निराळी करणाऱ्या जिनिंगमध्ये असो, हे साधन बहुधा छत्रीच्या आकाराच्या लाल बटणाच्या रूपाने दिसते. त्याखाली पिवळी पार्श्वभूमी असते. ज्याची बाही पट्ट्यात सापडली, त्याला नेमके बोट टेकवण्याची सवड नसते. त्याने कोपराने, गुडघ्याने, कसेही त्यावर आदळावे आणि यंत्र थांबावे. म्हणून ते मोठे. एकदा दाबले की ते आत अडकून बसते. ते मोकळे करण्यासाठी पिळावे किंवा ओढावे लागते, आणि मोकळे केले म्हणून यंत्र सुरू होता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा स्पष्ट दंडक आहे. सुरू करण्यासाठी निराळे बटण, निराळा विचार. नागपूर-इटारसी मार्गावरच्या प्रत्येक डब्यात लोंबणारी साखळीही ह्याच जातीची. तिचा लाल दांडा लहान मुलाच्याही नजरेत भरतो, पण तो ओढून गाडी थांबते, पुन्हा चालत नाही. गाडी चालवण्याचा अधिकार गार्ड आणि ड्रायव्हर ह्यांच्याकडेच राहतो.

आता संगणकाकडे वळावे. संगणक हँग होतो म्हणजे त्यातले काही मोडते, असा समज आहे. क्वचित तसे असतेही. पंख्यात धूळ साचून तो तापतो, स्मृतीचा एखादा तुकडा नादुरुस्त होतो. परंतु बहुतेक वेळा मोडलेले काहीच नसते. अरुंद पांदणीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, आणि तू मागे घे म्हणून दोघेही अडून बसले, तर गाड्या धड आहेत, बैल धड आहेत, रस्ताही धड आहे. केवळ पुढे जाणे बंद पडलेले आहे. संगणकात एकाच वेळी अनेक कामे चालतात. एका कामाने एक वस्तू धरून ठेवलेली असते आणि त्याला दुसरी हवी असते. दुसऱ्या कामाने ती दुसरी धरलेली असते आणि त्याला पहिली हवी असते. दोघेही वाट पाहत राहतात, अनंत काळ. किंवा एखादे काम चकवा लागल्यासारखे त्याच त्या सूचनांभोवती फिरत राहते. ह्या सगळ्या अडचणी ज्या स्मृतीत मांडलेल्या असतात ती विजेवर तगणारी असते. तिच्यातल्या प्रत्येक खणात विजेचा इवलासा साठा असतो आणि तो इतका गळका की सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याच्या आत पुन्हा भरावा लागतो. संगणक मुळापासून सुरू केला की ही सारी मांडणी पुसली जाते. पांदणीतल्या दोन्ही गाड्या उचलून आपापल्या गोठ्यात नेऊन ठेवल्यासारखे होते.

मूळ म्हणजे अगदी अक्षरशः मूळ. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला घरगुती संगणक आणला, त्यातल्या ८०८८ ह्या प्रक्रियकाला एक विशिष्ट पाय होता. त्या पायावर विजेची खूण आली की तो हातातले सारे टाकून स्मृतीच्या १०,४८,५६० क्रमांकाच्या घरापाशी जाऊन उभा राही आणि तिथे लिहिलेली सूचना पहिली म्हणून वाची. काय चालले होते, कोण अर्धवट राहिले, ह्याची त्याला ओळख नसे. पुनरारंभाचा गुण आणि दोष, दोन्ही ह्या विस्मरणात आहेत. अडचण विसरली जाते; आणि तासभर टंकून जतन न केलेले पत्रही विसरले जाते.

हे नुकसान ज्यांनी सोसले त्यांनीच बटण लहान केले. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० ह्या भल्यामोठ्या संगणकावर आणीबाणीची एक लाल मूठ होती. ती ओढली की वीज तुटे आणि मूठ तशीच अडकून राही. कंपनीचा कारागीर येऊन आतून सोडवीपर्यंत यंत्र चालू करता येत नसे. पुढच्या काळात अशा मोठ्या लाल खटक्याची एक कथा संगणकवाल्यांच्या बोलीच्या संग्रहात नोंदली गेली. एका प्रोग्रॅमरची चिमुरडी मुलगी, तिचे नाव मॉली, संगणकाच्या खोलीत आली आणि तिने एकाच दिवसात दोनदा तो आकर्षक खटका दाबला. तेव्हा त्यावर पारदर्शक झाकण बसवण्यात आले. अशा झाकणाला आजही तिच्याच नावाने ओळखतात. मुलीचा दोष तो काय? मोठे आणि लाल बटण दाबण्यासाठीच असते, एवढे तिला बरोबर समजले होते.

ॲपलच्या १९७७ सालच्या संगणकावर तर पुनरारंभाचे बटण कळफलकाच्या उजव्या अंगाला, ओळ संपवण्याच्या बटणाच्या नेमके वर होते. टंकणाऱ्याचे बोट थोडे वर गेले की केलेले काम गेले. पुढे ह्या संगणकाची ती चूक कंपनीला सुधारावी लागली आणि ते बटण कंट्रोलसह दाबल्याशिवाय काम करीनासे झाले. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली ह्या अभियंत्याने ह्याहून धोरणी विचार केला. नवा संगणक तयार होत असताना तो दिवसातून अनेकदा अडे, आणि दरवेळी वीज बंद-चालू केली की स्मृतीची लांबलचक तपासणी पुन्हा सुरू होई. ती टाळण्यासाठी त्याने बटणांचे त्रिकूट योजले. प्रथम योजलेले त्रिकूट एका डाव्या हाताने चुकून दाबले जाऊ शकत होते. म्हणून ते बदलून कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट असे ठेवण्यात आले. त्या कळफलकावर पहिली दोन डावीकडे आणि तिसरे पार उजवीकडे होते. दोन हात लागत. आपण काय करीत आहोत हे ठाऊक असल्याशिवाय कोणी दोन्ही हात पसरून तीन बटणे दाबीत नाही, ही त्यातली मेख. मुळात हे त्रिकूट अभियंत्यांच्या उपयोगासाठी होते. ते जगभर घरोघरी गेले ते मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या कृपेने, असा टोमणा स्वतः ब्रॅडलीनेच पुढे बिल गेट्स ह्यांच्या समक्ष मारला होता.

ह्या पार्श्वभूमीवर टेबलावरचे ते तळहाताएवढे बटण पाहिले, म्हणजे त्यातला विपर्यास ध्यानात येतो. थांबवण्यासाठी ठरलेला आकार त्याने पुनरारंभाला बहाल केला आहे. एवढेच नव्हे, बहुतेक वेळा ते कामही करीत नाही. त्याची वायर यूएसबीच्या भोकात जाते, आणि संगणकाच्या लेखी ते बटण म्हणजे एक छोटा कळफलकच असते. थाप मारली की ते कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्याचा निरोप धाडते. हा निरोप वाचणार कोण? संगणकाची कार्यप्रणाली. तीच जर निश्चेष्ट पडली असेल तर निरोप दारातच पडून राहतो. आणि ती जागी असेल तर संगणक खऱ्या अर्थाने अडलेलाच नसतो. शिवाय १९९३ च्या विंडोज एनटीपासून त्या त्रिकुटाचा अर्थही बदलला. आता त्याने यंत्र तडक पुनरारंभ करीत नाही. एक पडदा उघडतो आणि पुढे काय करावे ते विचारतो. २००५ साली स्टेपल्स ह्या अमेरिकन लेखनसाहित्याच्या कंपनीने असेच एक मोठे लाल बटण विकायला आणले होते. ते कशालाच जोडलेले नव्हते. दाबले की काम सोपे झाल्याचे एक वाक्य बोलत असे, बस्स. ह्या सगळ्या जातीत प्रामाणिक तेवढे तेच म्हणायचे.

खरोखर चालेल असे मोठे बटण करणे अशक्य आहे काय? नाही. टेबलावरच्या संगणकाच्या मुख्य फलकावर पुनरारंभासाठी दोन बारीक खिळे असतात. पेटीच्या दर्शनी भागावरचे छोटे बटण ह्या दोन खिळ्यांनाच तारेने जोडलेले असते. त्या तारा लांबवून तिथे हवे तेवढे बटण बसवता येईल, आणि ते कार्यप्रणालीची परवानगी न विचारता थेट प्रक्रियकाला जागे करील. ज्याची बोटे थरथरतात किंवा हाताला पकड नाही, अशा माणसाला मोठ्या बटणाचा उपयोग गमतीपलीकडचा आहे. मात्र त्याच्यावर मॉलीच्या नावाचे झाकण हवे.

माणूस जवळ नसेल तिथे हे काम यंत्राकडे सोपवावे लागते. जुन्या काळी पहारेकरी दर तासाला टोल देई. टोल ऐकू आला नाही की पहारेकऱ्याला काहीतरी झाले असे समजत. संगणकाच्या चालू कामाने ठरावीक वेळात असाच टोल द्यायचा, आणि तो चुकला तर एका स्वतंत्र घड्याळाने पुनरारंभाची खूण पाठवायची, अशी योजना असते. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपण होऊन पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडे. कारण मोठे मजेशीर निघाले. हवामानाच्या नोंदी करणाऱ्या दुय्यम कामाकडे एका कोठीची किल्ली होती. फार महत्त्वाच्या एका कामाला ती हवी होती. परंतु मधल्या दर्जाचे एक लांबलचक काम दुय्यमाला बाजूला सारून पुढे बसले. त्यामुळे दुय्यमाला किल्ली परत करायला वेळच मिळेना, आणि साहेब मात्र दारात ताटकळत उभा! त्याचा टोल चुकला की घड्याळ सारे पुसून टाकी. घड्याळामुळे यान जिवंत राहिले, हे निर्विवाद. पण दोष गेला तो पृथ्वीवर त्याच जातीच्या संगणकावर हा प्रसंग पुन्हा घडवून, कारण शोधून, किल्ली धरणाऱ्याला तेवढ्यापुरता साहेबाचा दर्जा देण्याची सूचना मंगळावर पाठवल्यावर. नुसत्या पुनरारंभांनी तो गेला नव्हता.

मंगळावरून पांढुर्ण्याच्या बाजारपेठेत यायचे तर तिथेही टोल चुकण्याचे प्रसंग येतात. मध्यप्रदेशात २००६ साली सुरू झालेल्या एमपी ऑनलाइनच्या केंद्रांवर परीक्षेचे, प्रवेशाचे, दाखल्यांचे अर्ज भरले जातात. अखेरच्या तारखेला दुपारी रांग लागलेली असते, एखाद्या मुलीचा अर्ज अर्ध्यावर आलेला असतो आणि पडदा स्तब्ध होतो. अशा वेळी चालकाचा हात पुनरारंभाकडे जाणे स्वाभाविक असले, तरी त्याआधी दोन-तीन क्षणांची परीक्षा करून पाहण्यासारखी आहे. कळफलकावरचे कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कार्यप्रणाली जागी आहे. अडकलेला आहे तो एखादा कार्यक्रम, आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने उघडणाऱ्या पडद्यातून टास्क मॅनेजरमध्ये जाऊन तेवढाच बंद करता येतो. पडद्यावरचा बाण हलतो, इतर खिडक्या उघडतात, फक्त अर्जाचे पान फिरत राहते, तर अडथळा बहुधा ह्या संगणकात नसून दूरच्या सर्व्हरवर आहे, जिथे त्याच घडीला असंख्य लोक तोच अर्ज भरीत असतात. तिथे आपले यंत्र बंद-चालू करणे म्हणजे रांगेतला नंबर सोडून पुन्हा शेवटी उभे राहणे होय. दिवाही लागत नाही आणि बाणही हलत नाही, असे झाले तरच वीजेचे बटण चार सेकंदांहून अधिक, काही यंत्रांत दहापर्यंत, दाबून धरावे. हे दाबणे कार्यप्रणालीला न विचारता अमलात येते.

पुष्कळांना ठाऊक नसते अशी एक बाब येथेच सांगितली पाहिजे. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे आणि 'रीस्टार्ट' करणे ह्या दोन गोष्टी एक राहिलेल्या नाहीत. शट डाउन करताना यंत्र लवकर उठावे म्हणून कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती बहुधा तबकडीवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. जुनी कुरबुर असली तर तीही तिच्याबरोबर येते. पाटी खरोखर पुसायची असेल तर रीस्टार्ट म्हणावे.

आणि अर्जाचे पैसे भरण्याच्या टप्प्यावर पडदा थिजला असेल, तर पुनरारंभानंतर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. समोरचा संगणक विसरला तरी बँक विसरलेली नसते. आधी मोबाइलवर आलेला बँकेचा निरोप पाहावा, व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरून घ्यावा, अर्जाच्या क्रमांकावरून त्याची स्थिती उघडून पाहावी. पैसे पोचले असतील तर पावती तिथूनच पुन्हा काढता येते. पोचले नसतील तर त्या मुलीला बाकावर बसवून, आधी बारावीची गुणपत्रिका आणि फोटो तबकडीवर नीट जतन झाले आहेत ना हे पाहून, अर्ज पहिल्या रकान्यापासून भरायला घ्यावा.